दोन परक्या भाषा एकदम शिकाव्यात का?

गटाच्या बैठकीत आजवर कर्जाची कारणं ठरलेली असायची. शेळी, शिलाई मशीन, बियाणं, दवाखाना, लेकराची फी. आता त्यात एक नवीन कारण आलंय, परदेशी भाषेचा क्लास. नर्सिंग झालेल्या मुली जर्मन शिकायचं म्हणतात, कुणी जपानी म्हणते. आणि आठ-पंधरा दिवसांनी तीच मुलगी सांगते, "मावशी, दोन्ही लावते. जिकडं लागेल तिकडं जाईन."

हे वारं उगीच आलेलं नाही. भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांबाबत करार झाला. त्यात आजारी-म्हाताऱ्या माणसांची काळजी घेण्याचं कामही येतं. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला आणि पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांना पाठवायचं म्हटलं. त्यामुळे मुलींनी स्वप्न बघितलं तर चुकलं काय? प्रश्न एवढाच की पाटी कोरी असताना दोन भाषा एकदम धराव्यात का.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडं तर दोन-तीन भाषा अडाणी बाईलाही येतात. खरंय. देवणी, उदगीर, निलंगा भागात भालकी-औरादकडून सून येते, ती घरात मराठी बोलते, माहेरचा फोन आला की कानडी. देगलूरकडं तेलुगू कानावर पडते. बाजारात दखनी चालतेच. पण ती सून शिकली कशी, ते बघा. सकाळी उठल्यापासून सासू, जाऊ, दळणवाला, सगळे तिच्याशी बोलत होते. चुकलं की हसत होते, आणि बोलल्याशिवाय मीठसुद्धा मागता येत नव्हतं. तिनं क्लास लावला नाही, ती भाषेतच राहिली.

निजामाच्या राज्यात, म्हणजे १९४८ पर्यंत, आपल्या भागातली जुनी माणसं शाळेत उर्दू आणि इंग्रजी दोन्ही शिकली. माझे आजोबा त्यातलेच. उर्दू त्यांना शेवटपर्यंत आली, कारण तहसील, कोर्ट, सातबाराचे जुने कागद, सगळीकडं तीच होती. इंग्रजीचे धडे पाठ होते, पण बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे ती पुस्तकातच राहिली. माणूस तोच, शाळा तीच. जी भाषा रोज लागली ती टिकली.

लातुरात बसून जर्मन किंवा जपानी शिकणाऱ्या मुलीच्या आसपास यातली एकही भाषा नसते. तिच्याकडं असतो फक्त वेळ, आणि तोही घरकामातून उरलेला. म्हणून मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर हुशारीत नाही, तासांत आहे. हिशेब करून बघू.

जर्मन भाषेच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. तिथं नर्स म्हणून पूर्ण मान्यता घेऊन काम करायचं तर साधारणपणे चौथी पायरी, बी-२, लागते. कोऱ्या पाटीपासून तिथवर जायला ४५ मिनिटांच्या सुमारे ६०० ते ८०० तासिका धरतात. म्हणजे ४५० ते ६०० तास. रोज एक तास मिळाला, आणि एकही दिवस चुकला नाही, तरी पंधरा ते वीस महिने. आता तोच एक तास दोन भाषांत वाटला, तर ही पायरी तीस ते चाळीस महिन्यांवर गेली. व्याज मात्र महिन्याच्या महिन्याला चालू. जपानमध्ये काळजीवाहकाच्या कामाला जपानीची एन-४ ही पायरी किंवा जेएफटी-बेसिक नावाची परीक्षा लागते, शिवाय कामाच्या आणि कामातल्या भाषेच्या वेगळ्या परीक्षा. लक्षात घ्या, जर्मनीला जपानी नको आणि जपानला जर्मन नको. दोन अर्ध्या भाषा घेऊन कुठल्याच देशाचं दार उघडत नाही.

वेळ सोडला तरी दुसरी अडचण आहे, सरमिसळीची. नवशिक्याचं मराठी आणि जर्मन सहसा मिसळत नाही. मिसळतात त्या दोन नव्या भाषा. डोकं जणू एक कप्पा करतं, 'आपली नसलेली भाषा', आणि दोन्हींचे शब्द त्यातच टाकतं. माझी भाची जपानी शिकते, तिच्या वहीतून मी काही उतरवून घेतलंय. 'हो' ला जपानीत 'हाय', जर्मनमध्ये 'या'. आणि आपल्याकडं 'हाय' म्हणजे आहे, 'या' म्हणजे बसा, चहा घ्या! घाईत विचारलं की दोन्ही शिकणारी मुलगी क्षणभर अडखळते. भाषा एकमेकींच्या जवळच्या असतील, स्पॅनिश आणि पोर्तुगीजसारख्या, तर गोंधळ जास्त. जर्मन-जपानी लांबच्या, म्हणून जरा कमी.

पण वही चाळताना मला गंमत वाटली ती वेगळीच. आपली मराठी या दोन्ही भाषांना वेगवेगळ्या बाजूंनी मदत करते. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. 'मिझु ओ नोमिमास' म्हणजे पाणी पितो. त्यातला 'ओ' शब्दाच्या मागे लागतो, आपल्या प्रत्ययासारखा. आणि प्रश्न विचारायचा तर शेवटी काय लावतात? 'का'! 'नोमिमास का', पिता का. त्यांच्या अक्षरांचा तक्ताही अ, क, स, त, न, ह, म, य, र, व असा जातो. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तिकडं रुजला. अवघड आहे ते लिहिणं. ४६-४६ अक्षरांचे दोन संच आणि वर चित्रलिपी, ज्यातली रोजच्या वापराची ठरवून दिलेली चिन्हंच दोन हजारांवर आहेत.

जर्मनमध्ये लिपी इंग्रजीचीच, चार अक्षरं जास्त. पण तिथं तो-ती-ते आहे, डेअर-डी-डास. इंग्रजी शाळेतल्या मुलांना हे जड जातं, आपल्याला तीन लिंगं जन्मापासून ठाऊक. फक्त कोण कशात, हे नव्यानं पाठ करावं लागतं. त्यांचा सूर्य 'ती' आहे, चंद्र 'तो', आणि मुलगी चक्क 'ते'. आकडे बघा. जर्मनमध्ये एकवीस म्हणजे 'एक आणि वीस', आपल्या एकवीससारखंच. जपानीत 'दोन-दहा-एक'. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' आलं होतं आणि केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय ना? जपानी पोरं अशीच मोजतात.

मग दोन भाषा कधीच नाहीत का? तसं नाही. आपण सोयाबीनमध्ये तूर घेतोच की. ते का जमतं? सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं, तूर तेव्हा कुठं पसरायला लागते. दोघींची भूक वेगवेगळ्या वेळी असते. भाषेचंही तसंच करावं. पहिली भाषा ए-२ किंवा एन-४ पर्यंत येऊ द्या, म्हणजे मुलीला साधी वाक्यं न अडखळता बोलता आली पाहिजेत. मग दुसरी पेरा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेत २०१९ मध्ये परदेशी भाषा शिकवायचं ठरलं, तेव्हा मुलांना एकेक भाषा निवडायला सांगितली. बहुतेकांना यंत्रमानवाचं वेड, म्हणून त्यांनी जपानी घेतली. चौथी ते आठवीची पोरं, पण निवड एकीचीच.

ज्यांनी आधीच दोन्ही क्लास लावलेत, त्यांनी एक थोरली आणि एक धाकटी ठरवावी. थोरलीला सकाळचा ताजा तास, धाकटीला रात्री पंधरा मिनिटं. वह्या वेगळ्या, शक्यतो बसायची जागाही वेगळी. एकाच आठवड्यात दोन्हींचे आकडे किंवा दोन्हींची नाती घेऊ नका, तिथंच जास्त मिसळतं. आज शिकलेलं उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं परत म्हणायचं. आणि मोठ्यानं. आईला अक्षर येत नसलं तरी भाकऱ्या थापताना ती ऐकू शकते. लेक कुठं थांबली, हे आईला बरोबर कळतं.

आता गटाचं काम. भाषेच्या क्लासचं कर्ज एकदम सगळं देऊ नका, पायरीप्रमाणे द्या. जपानीची एन-४, एन-५ परीक्षा वर्षातून दोनदाच असते, जुलै आणि डिसेंबरमध्ये. अर्ज चुकला की सहा महिने गेले, म्हणून परतफेडीचा हप्ता त्या हिशेबानं बसवा. ठरावात एकाच भाषेचं नाव लिहा, पुढं पायरी आणि परीक्षेचा महिना लिहा. ती पास झाल्याचं प्रमाणपत्र बैठकीत आलं, की दुसऱ्या भाषेचा अर्ज घ्यायला काहीच हरकत नाही.