शेतात उमटलेलं वर्तुळ: पुरातन वास्तू की नुसती पाइपलाइन?

जुलै २०१८. आयर्लंडमध्ये पावसाने दडी मारली होती. न्यूग्रेंज या सुमारे ५,२०० वर्षं जुन्या स्मारकाजवळ अँथनी मर्फी आणि केन विल्यम्स यांनी ड्रोन उडवले. खाली शेतात भलंमोठं वर्तुळ दिसलं!

हे कसं घडतं?
जुना खंदक किंवा खांबाचा खड्डा हळूहळू मातीने भरतो. तिथे माती खोल, ओल जास्त. पावसाने ओढ दिली की आजूबाजूचं पीक सुकतं, तिथलं हिरवं राहतं. खाली दगडी भिंत असेल तर उलट: माती उथळ, पीक खुजं आणि लवकर पिवळं.

मग प्रत्येक खूण पुरातन असते का?
नाही. पाइपलाइन, ट्रॅक्टरची चाकं, बुजवलेला बांध यांच्याही अशाच खुणा उमटतात. म्हणून तज्ज्ञ जुने नकाशे आणि वेगवेगळ्या वर्षांचे फोटो ताडून बघतात. खात्रीसाठी भूभौतिक सर्वेक्षण आणि शेवटी उत्खनन लागतं.

पाऊस आला की खूण पुसते. नांगर खोल गेला की पुरावाच जातो. म्हणून वेळेत काढलेला फोटो मोलाचा. पण गुगल अर्थवर वर्तुळ दिसलं म्हणून लगेच ‘हरवलेलं शहर सापडलं’ अशी पोस्ट टाकू नका. आणि स्वतः खणायला तर मुळीच जाऊ नका.