रॅम वाढविण्यापूर्वी

मृगाचा पाऊस पडून गेला, सोयाबीनची पेरणी आटोपली आणि पीकविम्याची मुदत जवळ येऊ लागली, म्हणजे वाशिम जिल्ह्यातील रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा अशा तालुक्यांच्या गावी सेवा केंद्रांपुढे जी गर्दी उसळते, ती ज्याने एकदा पाहिली आहे त्याला संगणकाच्या संथपणाची किंमत निराळी समजावून सांगावी लागत नाही. सातबाऱ्याचा उतारा, आधार कार्डाची नक्कल आणि बँकेचे पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत सांभाळीत शेतकरी उभा असतो, केंद्रचालकाच्या मेजावरील सातआठ वर्षांचा लॅपटॉप एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता जाता मध्येच स्तब्ध होतो, रांगेतून कोणी विचारतो, "काय झालं गा?" आणि मान वर न करताच उत्तर येते, "थांबा जरासक काका, हँग झालं."

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून विभक्त होऊन अस्तित्वात आलेला आणि २०१८ साली केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत दाखल झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा; येथे संगणक हा हौसेचा पदार्थ नाही. त्याच २०१८ सालच्या महाराष्ट्रदिनी राज्याने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू केला, आणि महसुली दप्तराचा जो भाग पूर्वी तलाठ्याच्या कपाटात नांदत असे, त्याच्याशी रयतेचा संबंध उत्तरोत्तर पडद्यामार्फतच येऊ लागला. नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. म्हणून जुन्याचेच आयुष्य आणखी दोनचार वर्षे वाढविता येईल काय, हा प्रश्न केंद्रचालकापासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यापर्यंत सर्वांना पडतो, आणि त्यावर दुकानातून मिळणारे ठराविक उत्तर "रॅम टाकून घ्या" हे असते. हे उत्तर पुष्कळदा बरोबर असते, नेहमी नसते. आणि ते केव्हा बरोबर आहे याचा निवाडा पैसे देणाऱ्याने स्वतः करावा, तो विकणाऱ्यावर सोपवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

रॅम म्हणजे काय हे समजण्यास कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवाराची कल्पना पुरेशी आहे. माल साठतो तो गोदामात; परंतु हर्रास, मोजमाप, हमालांची उचलाउचल आणि अडत्याची नोंद हा सर्व व्यवहार घडतो तो ओट्यांवर. गोदाम कितीही प्रशस्त असले तरी ओटे तोकडे पडले, की ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत जाते. लॅपटॉपवर जे ५०० जीबी लिहिलेले असते ते गोदामाचे माप, आणि जे ४ जीबी लिहिलेले असते ते ओट्यांचे, या दोहोंची गल्लत करून "पाचशे जीबी असून हा चालत नाही कसा?" अशी तक्रार करणारे गृहस्थ विरळा नाहीत. ओटे भरले की संगणक हटवादीपणाने थांबत नाही. तो एका बाजूचा माल तात्पुरता गोदामात हलवितो, रिकाम्या जागेत दुसरा मांडतो, आणि पहिल्याची गरज लागताच पुन्हा तीच उलटापालट करतो. गोदामाचा रस्ता ओट्यांच्या मानाने फारच लांबचा असल्यामुळे यंत्राचा वेळ कामापेक्षा वाहतुकीतच अधिक जातो, आणि आपण म्हणतो, हँग झाले.

आजच्या रॅमचे जनकत्व आयबीएम कंपनीतील अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांच्याकडे जाते. एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र एवढ्या सामग्रीत एक बिट साठविण्याच्या त्यांच्या युक्तीला १९६८ साली अमेरिकेत पेटंट मिळाले, आणि अर्ध्या शतकानंतरही रॅमची घडण मूलतः तीच आहे. या रचनेतील धारित्राचा विद्युतभार सतत गळत असल्यामुळे त्यातील मजकूर साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा लिहावा लागतो, आणि वीज तुटली की सगळेच पुसले जाते. ज्या वाशिमात, म्हणजे प्राचीन वत्सगुल्मात, वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याच्या चौथ्या शतकातील दानाची अक्षरे ताम्रपटाने दीड हजारांहून अधिक वर्षे कोणाच्याही मदतीवाचून जपली, त्याच वाशिमात आज सेकंदाच्या सोळाव्या हिश्शाला स्वतःलाच पुन्हा लिहिणाऱ्या या स्मृतीवर जिल्ह्याचा कारभार चालावा, यात मौज आहे खरी. पण ताम्रपटावरील मजकूर क्षणार्धात बदलता येत नाही आणि रॅमचे सारे प्रयोजनच क्षणार्धात बदलण्याचे आहे.

प्रमाणाचाही विचार करण्याजोगा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला आणि १९६० साली कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' हा संगणक चुंबकीय कड्यांच्या स्मृतीवर चालत असे. तिची क्षमता प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे आजच्या हिशेबाने अवघी १० किलोबाइट होती, आणि तेवढ्यावर शास्त्रज्ञ गंभीर गणिते करीत. केंद्रचालकाच्या यंत्रातील ४ जीबी ही त्याच्या चार लाखांहून अधिक पट भरते, तरी ती अपुरी पडते. याचे कारण चालकाच्या उधळेपणात शोधू नये. आजचे ब्राउझर प्रत्येक उघड्या पानाला बहुधा स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालवितात, जेणेकरून एक पान कोलमडले तरी शेजारचे शाबूत राहावे. या सुरक्षिततेचे मोल रॅमच्या रूपाने मोजावे लागते. विम्याचे एक पान, भूमी अभिलेखाचे दुसरे, बँकेचे तिसरे, वर व्हॉट्सअ‍ॅप आणि विषाणूप्रतिबंधक पहारेकरी, एवढी मंडळी जमली की ४ जीबीचे आवार भरलेच म्हणून समजावे.

तरीही खरेदीपूर्वी खातरजमा करावी, आणि तिला एक पैसाही लागत नाही. विंडोजच्या यंत्रावर नेहमीचे सर्व काम नेहमीसारखे उघडून ठेवावे, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि त्यातील 'परफॉर्मन्स' विभागात 'मेमरी' पाहावी. कामाच्या ऐन भरात तेथील आकडा सतत ऐंशीपंच्याऐंशी टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅम खरोखरच अपुरी आहे. आकडा निम्म्याच्या आसपास रेंगाळत असून 'डिस्क'चा आकडा मात्र शंभराला चिकटून बसला असेल, तर बहुधा अपराधी ती जुनी फिरती चकतीची हार्ड डिस्क असते. तेथे ८ जीबी रॅम टाकूनही यंत्र उघडायला पूर्वीइतकाच वेळ घेणार, आणि तोच पैसा फिरत्या चकतीविना चालणाऱ्या एसएसडीवर खर्चला असता तर यंत्राचा कायापालट झाला असता. माझ्या मते फिरती डिस्क असलेल्या यंत्रात पहिला मान एसएसडीचा आणि दुसरा रॅमचा. हे दोन्ही आकडे स्वस्थ असून पान उघडत नसेल, तर दोष यंत्राचा नव्हेच; पलीकडचा सर्व्हर शेवटच्या तारखेच्या गर्दीने दबलेला असतो, आणि त्यावर जगातील कोणत्याही दुकानात रॅम मिळत नाही.

अपुरेपणा सिद्ध झाल्यावर यंत्राची मर्यादा तपासावी लागते. विंडोज ३२ बिटांची असेल तर तिला दोनाचा बत्तिसावा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते ठाऊक असतात. हे म्हणजेच ४ जीबी, आणि त्यातूनही काही भाग इतर उपकरणांच्या पत्त्यांसाठी राखला जातो. अशा यंत्रात ८ जीबी बसवून ६४ बिटांची प्रणाली न टाकणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय. मग पाहावयाचे ते स्लॉट, म्हणजे रॅमच्या पट्ट्या बसविण्याच्या जागा. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर किती स्लॉटांपैकी किती व्यापले आहेत हे बहुधा लिहिलेले असते. एक रिकामा असल्यास जुनी पट्टी तशीच ठेवून नवी शेजारी बसविता येते, आणि दोन समान पट्ट्या असल्या तर प्रोसेसर त्यांच्याकडे एकाच वेळी दोन मार्गांनी जाऊ शकतो, हा वरकड लाभ.

खरी फसगत होते ती पट्टीच्या जातीत. लॅपटॉपची पट्टी मेजावरच्या संगणकाच्या पट्टीहून आखूड असते. तीतही डीडीआर२ ला २००, डीडीआर३ ला २०४, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२ संपर्कबिंदू असून एकीची खाच दुसरीच्या स्लॉटात जुळत नाही, त्यामुळे जबरदस्तीने बसविण्याचा प्रयत्न करणाऱ्याला निसर्गतःच अटकाव होतो. परंतु डीडीआर३ च्या घरात एक पोटभेद आहे, जो डोळ्यांना दिसत नाही: सामान्य डीडीआर३ ही १.५ व्होल्टवर चालते आणि डीडीआर३एल ही १.३५ व्होल्टवर. २०१३ साली आलेल्या इंटेल प्रोसेसरांच्या चौथ्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपांना कमी व्होल्टचीच पट्टी लागते. जुन्या व्होल्टची पट्टी खाचेत नेमकी बसते, पण यंत्र सुरूच होत नाही, आणि मालक समजतो की मदरबोर्ड गेला. उलट दिशेने अडचण नाही. डीडीआर३एल पट्टी १.५ व्होल्टच्या यंत्रातही चालते. लेबलावर पीसी३ च्या पुढे 'एल' आहे की नाही, एवढे एक अक्षर पाहून घेतले तर वाशिमहून अकोल्याची एक फेरी वाचते. सर्वांत सुरक्षित तोडगा म्हणजे जुनी पट्टीच काढून दुकानात न्यावी आणि तिच्या जोडीची मागावी. वेग निराळा असला तरी बहुधा चालते, फक्त दोन्ही पट्ट्या मंद असेल तिच्या गतीने धावतात. यंत्र जास्तीत जास्त किती रॅम घेऊ शकते हे मात्र उत्पादकाच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या क्रमांकावरूनच पाहावे. ऐकीव माहिती येथे कामाची नाही.

भावाविषयी एक सावधगिरीची सूचना. अनेक वर्षे स्वस्त होत आलेली रॅम २०२५ च्या उत्तरार्धात झपाट्याने महागली, कारण जगातील बहुतांश उत्पादन सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती असून त्यांचे कारखाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहिती केंद्रांची भूक भागविण्याकडे वळले; मायक्रॉनने तर ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशियल' हा व्यवसाय आवरता घेण्याचे त्या वर्षाअखेर जाहीर केले. याच कंपनीचा चाचणी आणि जुळणीचा प्रकल्प गुजरातेत साणंद येथे उभा राहिला आहे, पण त्याने रिसोडच्या दुकानातील पट्टी आज स्वस्त होईल असे नाही. अशा काळात वापरलेली पट्टी घेणे गैर नव्हे. मात्र पक्के बिल मागावे आणि विंडोजमध्ये अंगभूत असलेली मेमरी डायग्नोस्टिक ही चाचणी दुकानातच चालवून पाहावी.

बसविण्याचे काम ज्यांना पेचकस धरता येतो त्यांनी अवश्य करावे. लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, बॅटरी निघण्याजोगी असेल तर तीही काढावी आणि सुरू करण्याची कळ काही सेकंद दाबून उरलासुरला भार जिरवावा. विदर्भाच्या एप्रिल-मेमधील कोरड्या हवेत कृत्रिम धाग्याच्या कपड्यांवर साचणारी स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिपेला मारक ठरू शकते. म्हणून काम करण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावावा आणि पट्टी नेहमी कडेने धरावी. दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर सारल्या की जुनी पट्टी आपोआप तिरपी उभी राहते. नवी त्याच तिरप्या कोनात खाचेशी खाच जुळवून पूर्ण आत सारावी आणि मग खाली दाबावी, म्हणजे चिमट्या टिचकी वाजवून बसतात. पहिल्यांदा सुरू करताना पडदा क्षणभर काळा राहिला तर घाबरू नये. आवाज करून यंत्र थांबलेच, तर दहापैकी नऊ वेळा पट्टी नीट बसलेली नसते, किंवा पावसाळी ओलाव्याने तिच्या सोनेरी कडेवर मळ धरलेला असतो; साध्या खोडरबराने ती कड हलकेच पुसण्याचा कारागिरांचा जुना उपाय अद्याप चालतो.

ही सर्व चर्चा स्लॉट असलेल्या यंत्रांची झाली. अलीकडच्या पुष्कळ सडपातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डावरच सोल्डर करून टाकलेली असते, आणि मग खरेदीच्या दिवशी जी घेतली तीच अखेरपर्यंत. जाडी आणि वीज वाचते हा उत्पादकांचा युक्तिवाद खोटा नाही. पण त्यातून पाच वर्षांनी नवे यंत्र विकले जाते हेही तितकेच खरे, आणि ग्राहकाने या गोष्टीची चौकशी विकत घेण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र पोर्टल सुरू केले, त्याची माहिती घेऊन ठेवावी. सोल्डर केलेली चिप मात्र पोर्टलने निघत नाही.

विंडोज १० ची नियमित सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारणपणे आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणून चौथ्यापाचव्या पिढीच्या यंत्रात रॅम वाढविली तरी प्रणालीचा प्रश्न उरतोच. तेथे लिनक्स टाकून घेणे हा एक मार्ग आहे. मात्र शासकीय कामाला डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि बोटांचे ठसे घेणारे उपकरण जोडावे लागत असेल, तर त्यांची सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालतात की नाही हे आधी पाहून मगच तो मार्ग धरावा. काढलेली जुनी पट्टी ताबडतोब भंगारात देऊ नये. एखादे यंत्र बिघडले आणि दोष रॅमचा की मदरबोर्डाचा हे ठरवावयाचे असले, की हीच पट्टी घालून पाहता येते. ती कागदात गुंडाळून, वर यंत्राचा मॉडेल क्रमांक लिहून बिलासोबत ठेवावी, आणि पुढे टाकावयाचीच झाली तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्यावी, रोजच्या कचऱ्यात टाकू नये.