फ्यूज शाबूत, पेटी मात्र तापलेली

पावसाळा लागला की जुन्या गाडीचे नखरे सुरू होतात. कल्याण-शीळ रस्त्यावर किंवा घोडबंदरला चाक खड्ड्यात आदळतं आणि हेडलाइट मिणमिणतात, हॉर्नचा आवाज बसतो, वायपर मध्येच थांबतो. फ्यूज बॉक्सवर एक थाप मारली की सगळं पुन्हा सुरू! फ्यूज काढून बघावेत तर एकही उडालेला नसतो. मग बिघाड कुठे असतो? तो असतो फ्यूज धरून ठेवणाऱ्या पेटीत.

मुंबई-ठाणे-कल्याण पट्ट्याचं आणि इटालियन वंशाच्या गाड्यांचं नातं जुनं आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, कुर्ल्यात तयार होई. कंपनीचा दुसरा कारखाना कल्याण-डोंबिवलीत होता. १९८५ची प्रीमियर ११८ एनई ही तर फियाट १२४ची बॉडी आणि निसानचं इंजिन असा संसार. याच १२४च्या घराण्यातली १२४ स्पायडर ही उघड्या टपाची स्पोर्ट्स कार जगभर गाजली. फियाटने १९६९मध्ये फेरारीचा निम्मा हिस्सा घेतला, आणि १९७०च्या दशकात आलेल्या फेरारी ३०८च्या पेटीतही पद्मिनीच्याच जातीचे फ्यूज बसले. त्यामुळे पद्मिनी टॅक्सी आणि फेरारी यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर असलं, तरी म्हातारपणचं दुखणं एकच.

हा फ्यूज म्हणजे बोटाच्या पेराएवढी, दोन्ही टोकांना निमुळती कांडी. चिनी माती किंवा प्लॅस्टिकच्या अंगावरून धातूची पातळ पट्टी जाते आणि दोन पितळी पात्या टोकांना चिमटीत धरतात. डोळ्यांना पाती फ्यूजला नीट टेकलेली दिसते. प्रत्यक्षात दोन खडबडीत पृष्ठभाग मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच एकमेकांना भिडतात आणि सगळा प्रवाह त्या ठिपक्यांमधून जातो. पातीचा दाब कमी झाला की ठिपके कमी होतात आणि रोध वाढतो. त्यात ठाण्याच्या खाडीची खारी हवा, चार महिन्यांची ओल आणि रासायनिक कारखान्यांचा शेजार. पितळेवर काळा-हिरवा थर चढायला आणखी काय लागतं? खड्ड्यांचे हादरे धातूला धातूवर घासत राहतात आणि तिथे ऑक्साइडची भुकटी साठते.

आता गणित पाहू. ५५ वॉटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर खेचतात. जोडाचा रोध ०.१ ओहम झाला, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या सूत्राने तिथे सुमारे ८ वॉट उष्णता तयार होते. आठ-नऊ वॉटचा एलईडी बल्बही चालू असताना बुडाशी चांगलाच तापतो. इथे तेवढी शक्ती टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत कोंडलेली असते. बल्बपर्यंत जवळजवळ एक व्होल्ट कमी पोहोचतो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो, म्हणून तो सुमारे पाव भागाने उतरतो. तापलेली पाती स्प्रिंगचा ताण गमावते, दाब आणखी कमी होतो, रोध वाढतो, उष्णता वाढते. हे चक्र थांबतं ते पेटीचं प्लॅस्टिक वितळल्यावर.

आणि इतकं होऊनही फ्यूज उडत नाही, कारण तो पाहतो फक्त प्रवाह. खराब जोडाने प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. कधी मात्र पातीच्या धगीने बरोबर मापाचा फ्यूजही विनाकारण वितळतो. तेव्हा मेकॅनिक त्याहून मोठा फ्यूज टाकतो किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो. इथे खरा धोका आहे. फ्यूज हा बल्बच्या नव्हे, वायरच्या रक्षणासाठी असतो. तो मोठा केला की शॉर्ट झाल्यावर आधी वायर जळते.

अशी पेटी पॉलिश पेपरने घासली की काही दिवस चालते. पण रोध पुष्कळदा पातीपेक्षा तिच्या मागच्या रिव्हेटमध्ये असतो आणि तिथे पेपर पोहोचत नाही. म्हणून जगभरचे जुन्या स्पोर्ट्स कारचे शौकीन अख्खी पेटीच बदलतात आणि चपट्या पात्यांच्या ब्लेड फ्यूजची नवी पेटी बसवतात. हा फ्यूज १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या लिटलफ्यूज कंपनीने आणला. त्याचे रुंद पाय घट्ट खोबणीत दोन्ही बाजूंनी दाबले जातात, त्यामुळे जोड भक्कम राहतो.

बदलताना सगळ्यात मोठी फसगत रंगांची. जुन्या कांडीत पिवळा म्हणजे ५ अँपिअर, ब्लेडमध्ये पिवळा म्हणजे २०. जुना लाल १६चा, नवा १०चा. जुना निळा २५चा, नवा १५चा. रंगाला रंग जुळवला तर ५ अँपिअरच्या वायरवर २०चा फ्यूज बसेल. म्हणून आकडा वाचायचा: ५च्या जागी ५, ८च्या जागी साडेसात, १६च्या जागी १५, २५च्या जागी २५.

कामाचा क्रमही ठरलेला आहे. आधी बॅटरीची अर्थ वायर सुटी करायची. प्रत्येक वायरचा फोटो काढून तिला चिठ्ठी लावायची. काळी पडलेली टोकं कापून नवे थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या टोप्या, पकडीने दाबायचे. हेडलाइटला रिले दिला की त्यांचा भार जुन्या स्विचवरून उतरतो. काढलेली पेटी मात्र भंगारात देऊ नका. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करताना तिचं मूळ रूप पाहिलं जातं.

पेटी बदलायची की नाही, हे मल्टिमीटर सांगतो. हेडलाइट लावून मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक पेटीत येणाऱ्या वायरच्या थिंबलवर, दुसरं बाहेर जाणाऱ्या वायरच्या थिंबलवर टेकवा. आकडा दोन अंकी मिलिव्होल्टांचा असेल तर निश्चिंत राहा. तो अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर पेटीचं आयुष्य संपलं असं समजा. नंबर ठाण्याचा एमएच ०४ असो की कल्याणचा एमएच ०५, जुनी गाडी पावसात काढण्याआधी आपल्या वायरमनकडून ही तपासणी करून घ्या, आणि त्याने काहीही सांगितलं तरी मोठा फ्यूज टाकू देऊ नका.