मनी बाहेर जाणारच, पण…

मांजर काही घरात बांधून राहत नाही. दिवस मावळला की तिला पत्रे, गोठा, कडब्याची गंज खुणावते. पण तिच्या वाटेवर काय काय उघडं पडलंय, ते आपण बघतो का?

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. आपल्याच जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा… असे सहा जण उतरले. पाच गेले. कमरेला दोर बांधलेला तेवढा वाचला.

शेण कुजलं की मिथेन, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड असे वायू तयार होतात. आत प्राणवायू कमी पडतो नि माणूस बघता बघता बेशुद्ध होतो. तोंडाला ओला रुमाल बांधून काही उपयोग नाही.

बचत गटाच्या बैठकीत मी हेच सांगते, बायांनो, गोबरगॅसचा खड्डा, पडकी विहीर, टाकी यांवर आधी पक्कं झाकण घाला. मांजर पडलंच तर दोराला टोपली बांधून सोडा, १०१ किंवा ११२ ला फोन करा.

आणि मनीला संध्याकाळी ठरल्या वेळी खाऊ घालून रात्री दार लावा. पाच-सहा महिन्यांची झाली की नसबंदी करा, भटकणं कमी होतं. रेबीजची लसही द्या.

मुक्या जिवाची माया हवीच. पण घरातल्या माणसांना "खाली कुणी उतरायचं नाही" हे आजच बजावून ठेवा.