लघुकथेतील स्त्री आणि आयुष्यातील पालट

कादंबरीत आयुष्याचा सारा प्रवास मावतो. लघुकथेत बहुधा त्या प्रवासातील एकच वळण असते. विवाह, वैधव्य, नोकरी, स्थलांतर यांपैकी एखादा पालट येतो आणि त्या वेळी माणूस कसे वागते, एवढेच कथाकार दाखवितो. म्हणून कथेतील स्त्रीविषयी वाचताना ‘तिच्यावर काय ओढवले?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘तिने त्याला काय उत्तर दिले?’ हेही विचारावे. कथेचे मर्म या दुसऱ्या प्रश्नात असते.

हा प्रश्न आपल्या वाङ्मयात प्रथम कादंबरीतून आला. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. यमुना पतीसह प्रवास करताना ठिकठिकाणच्या विधवांची दुःस्थिती पाहते आणि पुढे स्वतःच विधवा होते. परंतु ती तेथे खचून बसत नाही. नवा धर्म व नवा संसार स्वीकारते. तिचे उत्तर म्हणजे पुढे पाऊल टाकणे.

१९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने निघाला. लेखिका होत्या बाळूताई खरे, म्हणजेच पुढील मालतीबाई बेडेकर. त्यांचे शिक्षण महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेत झाले होते. शिकलेल्या, मिळवत्या, पण अविवाहित मुलींचे मन त्यांनी उघड केले आणि त्यावरून मोठे वादळ उठले. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे त्यांच्या एका कथेचे नाव. शिक्षण लाभले, पगार हाती आला. परंतु त्या पगारावर घर चालू लागले की मुलीच्या स्वतःच्या सुखाचा विचार मागे पडतो. ज्या घरात मुलीने प्रश्न विचारण्याची रीत नाही, तेथे प्रश्न विचारणे हेच तिचे उत्तर होय.

पुढे उर्मिला पवार यांनी दलित स्त्रियांची सुखदुःखे कथेत आणली. त्यांचा ‘सहावं बोट’ हा संग्रह १९८८ साली निघाला. त्यांच्या एका कथेतील आई पतीच्या मृत्यूनंतर नातलगांचे दडपण झुगारते आणि मुलांच्या शिक्षणासाठी राहते घर सोडीत नाही. पालटाला सामोरे जाणे म्हणजे प्रत्येक वेळी उंबरठा ओलांडणे नव्हे. कधी आपल्या जागी पाय रोवून उभे राहणे, हेच अधिक धैर्याचे असते.

आता आपल्या शहापूर-मुरबाडकडे पाहू. १८६१ साली आगगाडी कसाऱ्यापर्यंत आली. १८९२ साली तानसा तलाव पुरा झाला. पुढे वैतरणा आणि भातसा यांचेही पाणी मुंबईस जाऊ लागले. तरी उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवरील स्त्रियांना डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी दूर चालावे लागते. भाताची झोडणी आटोपली की कातकरी व ठाकूर समाजांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. मग धाकट्या भावंडांस सांभाळण्यासाठी मुलीलाही जावे लागते आणि तिची शाळा सुटते.

समजा, आईबापांची निघण्याची तयारी झाली आहे आणि मुलीच्या मनात आजीपाशी राहून शिकावे असे आहे. लघुकथेला एवढा प्रसंग पुरेसा आहे. ती बोलेल काय? तिच्या वतीने आई बोलेल काय? की ती मुकाट्याने भावाला कडेवर घेऊन चालू लागेल? तेही एक उत्तरच आहे. मात्र त्या मौनामागे संमती आहे की निरुपाय, हे चांगला कथाकार आपणांस ओळखावयास शिकवितो.

विद्यार्थिमित्रांनो, कथा वाचताना नायिकेचे हे उत्तर शोधण्याची सवय लावा. आणि पालकांस एवढीच विनंती की, कथेत आपण मुलीचे मन आधी जाणतो, निर्णय नंतर कळतो. घरी मात्र बहुधा निर्णय आधी होतो आणि मन विचारावयाचे राहून जाते. मुलीची शाळा, लग्न किंवा कामधंदा ठरविण्यापूर्वी तिला एकदा जवळ बसवून विचारावे आणि तिचे बोलणे पुरे होईपर्यंत ऐकून घ्यावे.