लेआ: नावडतीने ठेवलेली नावं

हिब्रू बायबलमधल्या चार मातांपैकी सारा, रिबका आणि राहेल यांच्यावर आपलं बोलून झालं. राहिली लेआ. ती बहुतेक वेळा अशी शेवटीच राहते.

कथा थोडक्यात सांगतो. भाऊ एसावच्या रागापासून पळून याकोब हारानला मामाकडे, लाबानकडे येतो. विहिरीवर त्याला धाकटी मामेबहीण राहेल दिसते आणि विषय संपतो. (मामाच्या मुलीशी लग्न, यात आपल्याला दचकण्यासारखं काही नाही.) तिच्यासाठी तो सात वर्षं मामाची गुरं राखतो. लग्न लागतं, रात्र जाते, आणि सकाळी बघतो तर शेजारी थोरली, लेआ. लाबान म्हणतो, आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटी देत नाहीत. लग्नाचा आठवडा उरकल्यावर राहेलही मिळते, पण आणखी सात वर्षांच्या कामाच्या बोलीवर. याकोबाने स्वतः आंधळ्या बापासमोर थोरला भाऊ बनून आशीर्वाद लाटलेला असतो, त्यामुळे हा हिशेब वाचकाला बरोबर कळतो.

पण त्या रात्री लेआला काय वाटलं? ती स्वतःहून गेली की बापाने ढकललं? मजकुरात तिच्या तोंडी एक शब्द नाही. तिच्या रूपाबद्दलही एवढंच, की तिचे डोळे 'रक्कोत' होते. या शब्दाचा अर्थ कोणी कोमल घेतात, कोणी अधू. तालमुदमधल्या रब्बींनी त्याचं वेगळंच कारण दिलं: थोरली थोरल्याला, म्हणजे एसावला जाणार असं लोक बोलायचे, म्हणून ती रडून रडून डोळे खराब करून बसली. ही नंतरची भर आहे, मूळ कथेत नाही. पण तिच्या गप्प बसण्याने वाचणाऱ्यांना किती शतकं छळलंय, ते यातून दिसतं.

उत्पत्तीचा २९वा अध्याय तिच्यासाठी 'सनुआ' हा शब्द वापरतो. आपल्या कहाण्यांत आवडती राणी आणि नावडती राणी असते ना, तीच ही नावडती. आणि ही नावडती पहिल्यांदा बोलते ती मुलांची नावं ठेवताना.

पहिला रऊबेन, म्हणजे 'बघा, मुलगा'. देवाने माझं दुःख पाहिलं, आता तरी नवरा प्रेम करेल, असं ती म्हणते. दुसरा शिमोन, 'ऐकणं' या क्रियापदावरून. मी नावडती आहे हे देवाने ऐकलं. तिसरा लेवी, 'जोडलं जाणं'. तीन मुलगे दिले, आता तरी तो माझ्याशी जोडला जाईल. चौथा यहूदा, 'स्तुती'. इथे नवऱ्याचा उल्लेखच नाही, फक्त देवाचे आभार.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे कमिट मेसेजसारखं वाटतं. कोडमध्ये काय बदललं ते कोडवरून कळतं. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्या एका ओळीत असतं.

बरीच प्रवचनं यहूदावर थांबतात. लेआला शांती मिळाली, संपलं. मला हे जरा सोयीचं वाटतं, कारण पुढचा अध्याय काही वेगळंच सांगतो. तिला मुलं होणं थांबतं. राहेल आपली दासी नवऱ्याला देते, म्हणून लेआही आपली दासी जिल्पा देते. मग गव्हाच्या कापणीच्या दिवसांत छोटा रऊबेन रानातून मँड्रेकची फळं आणतो. ती खाल्ली की मूल होतं अशी समजूत होती. राहेल ती मागते तेव्हा लेआ फटकारते: माझा नवरा घेतलास ते कमी झालं का? शेवटी सौदा ठरतो. फळं राहेलला, आणि याकोबाची एक रात्र लेआला. त्या रात्रीनंतर होतो तो इस्साखार. त्याच्या नावात 'मजुरी' हा शब्द आहे. आणि सहावा जबुलून, तेव्हा ती पुन्हा म्हणते, आता तरी नवरा मला मान देईल. सहा मुलांनंतरही ते 'आता तरी' सुटलेलं नाही.

वारसा म्हणाल तर प्रचंड आहे. लेवीच्या वंशात मोशे आणि अहरोन, म्हणजे सगळी याजकपरंपरा. यहूदाच्या वंशात दावीद राजा. मराठीत आपण 'यहुदी' म्हणतो तो शब्दही तिने चौथ्या मुलाला दिलेल्या नावातूनच आलाय. आजही शुक्रवारी संध्याकाळी यहुदी आईवडील मुलींना सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांच्यासारखी हो असा आशीर्वाद देतात. आणि अनुवादाच्या २१व्या अध्यायात कायदा आहे: दोन बायका असतील आणि पहिला मुलगा नावडतीचा असेल, तर ज्येष्ठपणाचा हक्क त्याचाच, आवडतीच्या मुलाला तो देता येणार नाही. तिथेही शब्द तोच, 'सनुआ'.

पण मी अडकतो ते ४४व्या अध्यायात. राहेलचा योसेफ आता मिसरमध्ये मोठा अधिकारी आहे, आणि भावांनी त्याला ओळखलेलं नाही. तो राहेलच्या धाकट्याला, बन्यामीनला, गुलाम म्हणून ठेवून घ्यायला निघतो. यहूदा पुढे येतो आणि बापाचे शब्द सांगतो: माझ्या बायकोला दोन मुलगे झाले. दोन. म्हणजे बायको एकच, राहेल. हे वाक्य बोलतोय लेआचा मुलगा! स्वतःची आई ज्यात मोजलीच नाही असं वाक्य तो जसंच्या तसं सांगतो, आणि तरीही म्हणतो, त्याच्याऐवजी मला ठेवून घ्या. हे ऐकून योसेफाला रडू आवरत नाही.

म्हातारा याकोब मिसरमध्ये मरताना सांगतो, मला मकपेलाच्या गुहेत पुरा. राहेल तिथे नाही. ती बेथलेहेमच्या वाटेवर बाळंतपणात गेली आणि तिथेच पुरली गेली. मकपेलात अब्राहाम आणि त्याची बायको सारा आहेत, इसहाक आणि त्याची बायको रिबका आहेत, आणि, तो म्हणतो, तिथे मी लेआला पुरलं. 'माझी बायको' हे शब्द तिच्या वाट्याला तेव्हाही येत नाहीत. झोपायचं मात्र त्याला तिच्या शेजारीच आहे. हेब्रोनमधल्या त्या जागेवर आज मशीदही आहे आणि सिनेगॉगही.

एक राहिलं. सहा मुलग्यांनंतर लेआला मुलगी झाली, दीना. सहाही वेळा नावाचं कारण सांगणारी लेआ इथे काहीच बोलत नाही. दीनाबद्दल पुढच्या भागात.