दहा वर्षांच्या बोलीवरची घरे

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमधील घरांची जुनी छायाचित्रे पाहण्याचा मला नाद आहे. त्यांत एक दृश्य वारंवार भेटते. क्रेनला पाव घर लोंबकळते आहे! भिंती उभ्या, खिडकीला काचा बसवलेल्या, आणि खालची माणसे ते हलकेच जोत्यावर टेकवीत आहेत. असे चार तुकडे लॉऱ्यांवरून यायचे आणि एकमेकांना जोडले की बिऱ्हाड थाटायला घर तयार!

ही गंमत नव्हती, गरज होती. बाँबवर्षावात लाखो घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. त्यात सैनिक घरी परतणार, आणि सामानाची व गवंड्यांची वाण. म्हणून १९४४ साली पार्लमेंटने तात्पुरत्या घरांचा कायदा केला. १९४९ पर्यंत अशी दीड लाखांहून अधिक घरे उभी राहिली. त्यांचे प्रकार अनेक. चार तुकड्यांचे घर ॲल्युमिनियमचे. युद्धात विमाने बनविणाऱ्या कारखान्यांनीच ते घडविले. या साऱ्या घरांचे आयुष्य ठरले होते दहा वर्षे. फार तर पंधरा.

लोक त्यांना ‘प्रीफॅब’ म्हणत. बाहेरून पाहाल तर निव्वळ शेड. पण आतले छायाचित्र पाहा! भिंतीत बसवलेली कपाटे, फ्रिज, नळाला गरम पाणी, आणि संडास घरातच. तिथल्या कामगारवस्त्यांत तो बहुधा परसात असे. चाळीच्या टोकाला सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभे राहिलेल्यांना या सुखाची किंमत मी काय सांगावी! पुढे मजूर पक्षाचे नेते झालेले नील किनॉक १९४७ साली, लहानपणी, वेल्समधील अशाच घरात राहायला गेले. घरातली ही नवलाई पाहायला आप्तेष्ट मुद्दाम येत, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे.

मला मात्र नंतरच्या वर्षांची छायाचित्रे अधिक बोलकी वाटतात. दारापुढे गुलाब, खिडकीला पडदे, कुंपणाला नवा रंग. सरकारने निवारा दिला होता. त्याचे घर केले ते माणसांनी. मुदत संपली तरी अनेकांचा पाय तिथून निघेना.

लंडनच्या कॅटफर्ड भागातील एक्सकॅलिबर वसाहत त्यांतलीच. युद्धकैद्यांच्या हातांनी उभारलेली ही १८७ घरे साठ वर्षांनंतरही नांदती होती. २००९ साली त्यांतल्या सहा घरांना वारसा म्हणून संरक्षण मिळाले. बाकीच्यांचे काय? २०१० साली रहिवाशांचे मत घेतले, तेव्हा सुमारे ५६ टक्के मते वसाहत पाडून नवी बांधण्याच्या बाजूने पडली. २०१३ साली पाडकाम सुरू झाले.

या निकालात मला कोणी खलपुरुष दिसत नाही. पातळ भिंतींच्या घरात हिवाळे काढलेल्याने ऊबदार घर मागितले, तर त्याला नावे का ठेवावीत? आणि जिने त्याच अंगणात आयुष्यभर फुले लावली, ती तिथून हलायला तयार नसेल, तर तिला हट्टी कसे म्हणावे? इंजिनियर घराचे वय सांगू शकतो. त्यात रुजलेल्या माणसाचा हिशेब त्याच्या वहीत नसतो.

दिवाळीच्या आवराआवरीत तुमच्याही माळ्यावरून जुने फोटो निघतील. माणसे ओळखून झाली, की त्यांच्या पाठीमागची भिंतही जरा न्याहाळा. तिच्याकडे पाहायचे बहुधा राहूनच गेलेले असते.